माशांचा भटजी

आमच्या गावात, कामथडीत, मला नावानं हाक मारणारी माणसं आता थोडीच उरलीत. बाकी सगळे ‘भटजी’ म्हणतात. पूजा सांगणं सोडा, मला साधी आरतीही धड पाठ नाही. भोरजवळ, धरणाच्या खालच्या अंगाला एक मत्स्यबीज केंद्र आहे, तिथं मी सारी नोकरी काढली आणि माझं काम एकच, माशांची लग्नं लावायची. म्हणून भटजी. या नावाचा मला कितीतरी वर्षं अभिमान होता. आता कुणी तशी हाक मारली की मान आपोआप खाली जाते. ती का, हे सांगायचं तर आधी काम सांगावं लागेल.

रोहू, कटला, मृगळ हे नदीचे मासे. तळ्यात सोडले तर खातात, पितात, वाढतात. दिवस मोठा होत जातो, पाणी कोमट होतं, तशी मादी भरत जाते. पोट अंड्यांनी टम्म फुगतं. पण ती अंडी सोडत नाही. तिला अजून एक खूण हवी असते, पुराची. गढूळ पाण्याचा लोंढा, अंगावर येणारी धार, आजूबाजूला धावणारे नर, ही सगळी वर्दी तिच्या मेंदूपर्यंत पोचावी लागते. मेंदूच्या बुडाशी मोहरीएवढी एक गाठ असते. वर्दी पोचली की त्या गाठीचा रस रक्तात उतरतो, आणि मग ती कुणाला ऐकत नाही. तळ्यात पूर येत नाही. वर्दी पोचत नाही. हंगाम सरला की अंडी तिच्या पोटातच जिरून जातात.

आम्ही मेंदूचा निरोप परस्पर पोचवायचो. दुसऱ्या पिकल्या माशाच्या डोक्यातून ती गाठ काढायची, खलात कुटायची, पाण्यात कालवायची आणि सुईनं मादीला टोचायची. नरालाही थोडी. मग दोघांना गोल हौदात सोडायचं, पाणी गरगर फिरतं ठेवायचं आणि वरून फवारा सोडायचा. नदी, पूर, पाऊस, सगळं आमच्या हौदात, नळाच्या चावीवर.

पुढं तयार इंजेक्शनं आली, पण सुरुवातीला गाठी आम्हीच गोळा करायचो. पुण्याच्या मासळी बाजारात जायचं, कापलेल्या मुंडक्यांच्या ढिगापाशी उकिडवं बसायचं, कवटी उघडायची, मेंदू हलकेच उचलायचा आणि खालचा तो पांढुरका दाणा चिमट्यानं स्पिरिटच्या बाटलीत टाकायचा. परतीच्या एसटीत माझ्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहायची. माझ्या लग्नाच्या वेळी सासरच्यांना ‘सरकारी नोकरी’ एवढंच सांगितलं होतं. काम काय, ते माझ्या बायकोला, सुमनला, वासानं कळलं. मी दारात आलो की ती म्हणायची, “आधी आंगूळ करा, मंग बोला.” तेव्हा लाज वाटायची ती एवढीच, हाताच्या वासाची. ती साबणानं जायची.

हौदावरचा एक प्रसंग मी नेहमी रंगवून सांगायचो. एका हंगामात मासे टोचून हौदात सोडले होते, फवारा चालू, पाणी फिरतंय, आणि मासे तळाशी दडून गप्प. वरच्या रस्त्याचं काम निघालं होतं. रोलर गेला की हौदाच्या पाण्यावर थरथर उठायची. मासा कातडीनं ऐकतो. आम्ही हौदाकडेला चपला काढून चालायचो, आणि वर हा रोलर! मी चढून वर गेलो. चालक भोरचा इक्बाल, तरणाबांड पोरगा.

“जरा थांबवतोस का?” मी म्हणालो. “खाली लगीन हाय.”

“कुनाचं?”

“माशांचं.”

तो पोट धरून हसला, पण रोलर बंद करून माझ्याबरोबर खाली आला. थोड्या वेळानं एक मादी वर आली. दोन नर तिच्या मागं लागले, तिच्या पोटाला डोकी मारायला लागले आणि हौदातलं पाणी उकळल्यासारखं झालं. रोलर थांबल्यामुळंच हे झालं, असं मी छातीठोक सांगत नाही. औषध चढायची वेळही तीच होती. पण इक्बालनं बघता बघता तोंड फिरवलं. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. म्हणाला, “काका, ह्ये आसं उभं राहून बघायला बरं वाटत न्हाई.”

मी त्याला हसलो होतो. लाज काय असते, हे त्या पोराला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

नोकरीच्या शेवटी शेवटी मला शेततळेवाल्यांच्या प्रशिक्षणाला पाठवायला लागले. वेल्ह्याच्या डोंगरातली गावं, समाजमंदिर, खाली सतरंज्या आणि माझ्या हातात माइक. बाया मागं बसायच्या, पदर तोंडाला लावून. मला कसलाच संकोच नव्हता. नर कसा ओळखायचा, मादी कशी, सगळं मोठ्या आवाजात. अंडी पाण्यात पडली की फुगतात. फळलेलं अंडं भिजवलेल्या साबुदाण्यासारखं आरपार दिसतं, न फळलेलं दुधासारखं पांढरं पडतं. सगळा हौद पांढरा पडला की नवशिका माणूस मादीला शिव्या देतो. मी सांगायचो, “मादीला बोल लावू नका. आधी नर हातात घ्या. पोट हलकं दाबा. पांढरं पाणी आलं तर ठीक. न्हाई आलं, तर त्यो नर हौदात कशाला ठेवताय? कढईत टाका!”

हमखास हशा पिकायचा. माझा मुलगा सचिन कॉलेजच्या सुट्टीत एकदोनदा माझ्याबरोबर आला होता. तोही मागं बसून हसायचा.

असंच एकदा पासलीला गेलो असताना एका मुलीनं हात वर केला. भाताची शेती करणाऱ्या घरातली, वडलांबरोबर आलेली. पदराआड तोंड न लपवता तिनं विचारलं, “काका, मादीला पुराबिगर अंडी टाकायची नसत्यात ना? मंग सुई देऊन आपण तिच्यावर जबरदस्ती करतो का?”

मी काहीतरी विनोद करून वेळ मारून नेली. पण पोरगी आवडली. दुपारचं जेवण तिच्याच घरी होतं, इंद्रायणीचा भात आणि वरण. हात धुताना मी तिच्या वडलांना म्हणालो, “पाव्हणं, माझा मुलगा हायवेवरच्या कंपनीत कायम झालाय. विचार करा.” अशी मनीषा आमच्या घरी सून म्हणून आली.

पहिलं वर्ष कौतुकात गेलं. पुढं पुढं बाया तिच्या पोटाकडं बघून बोलायला लागल्या. माणसं मला बोलायची. नसरापूरच्या बाजारात, चहाच्या टपरीवर, कुणीही. “भटजी, लाखानं पिल्लं काढली म्हनं तुमी, आन् घरात एक न्हाई व्हय?” मी हसायचो. हसल्यानं विषय बदलतो, असा माझा अनुभव होता.

सुमननं मनीषाला भोरला डॉक्टरकडं नेलं, मग पुण्याला, मग कुणी सांगितलं म्हणून एका बुवाकडं. उपास लावले, कसलीकसली पाळं-मुळं उगाळून दिली. मनीषा सगळं करायची. मी त्यात पडलो नाही. बायकांचं बायका बघतील, असं म्हणून पेपर उघडायचो. माइकवर एवढं बोलणारा माणूस मी, घरात माझ्या तोंडून त्यातला एक शब्द निघत नव्हता.

मनात मात्र माझा हिशोब हौदावरचाच चालला होता. सचिनची कंपनीतली पाळी दर आठवड्याला बदलणारी. तो झोपायला येणार तेव्हा ती कामाला उठणार. घर दोन खोल्यांचं, मधे पत्र्याची भिंत आणि अलीकडं मी खोकत पडलेला. निवांतपणा नाही, मग वर्दी कशी पोचणार? मी सुमनला म्हणालो, आपण चार दिवस तुझ्या बहिणीकडं सारोळ्याला जाऊ. पोरांना घर मोकळं मिळेल. आम्ही गेलो. सुमननं बहिणीला खरं कारण सांगितलं, बहिणीनं जावेला सांगितलं, आणि आम्ही परतायच्या आत सारोळ्यातलं पोरगंपोरगं जाणून होतं की भटजीनं हौद मोकळा करून दिलाय. मनीषाच्या मोबाईलवर कुणा मैत्रिणीनं ती गंमत कळवली. आम्ही घरी आलो तेव्हा तिनं पाणी दिलं, पण माझ्याकडं बघितलं नाही.

यंदा उन्हाळ्यात त्याच मेव्हणीच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. आम्ही चौघंही सारोळ्याला गेलो. बाया आत, पुरुष मांडवात. साडूचे थोरले भाऊ बबनराव तिथं होते, हमरस्त्यावर त्यांचा ढाबा आहे. आवाज मोठा, आणि चारजणांत कुणाची तरी खोड काढल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही.

“काय भटजी,” ते म्हणाले, “साऱ्या तालुक्याची तळी भरलीस, तुझ्याच घरचं तळं कसं काय कोरडं पडलं?”

मांडव हसला. मीही हसलो. नेहमीसारखा, खांदे हलवून. हसता हसता वर बघितलं तर समोर मनीषा चहाचा ट्रे घेऊन उभी. तिनं बबनरावांकडं बघितलंच नाही. ती माझं हसू बघत होती.

तिनं ट्रे माझ्यापुढं धरला. मी कप उचलला. बशीत चहा सांडला. शेजारी सचिन होता, तो मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता.

परतीच्या एसटीत सुमननं हळूच सांगितलं की आत ओटी भरताना मनीषा पुढं झाली, तेव्हा एका म्हातारीनं तिचा हात धरला आणि म्हणाली, “तू ऱ्हाऊ दे गं, तू चहाचं बघ.” म्हणून ती बाहेर आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सचिन कामावर गेला. मी अंगणात पेपर घेऊन बसलो होतो, सुमन उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. मनीषा भांडी घासत होती. मधेच तिनं हात थांबवले.

“मामा, एक इचारू?”

“विचार की.”

“तुमच्या हौदात अंडी पांढरी पडली, तर तुमी आधी कुनाला हातात घ्यायचा?”

मी पेपरमधून डोकं न काढता सवयीनं म्हणालो, “नराला.”

“मंग हितं इतकी वर्सं मलाच का हातात घेताय?”

ती पुन्हा भांडी घासायला लागली. आवाज चढलेला नव्हता, रडू नव्हतं. सुमनच्या सुपातला हात तसाच राहिला. मी पेपर खाली ठेवला, पुन्हा उचलला. मला वाचता येत नव्हतं. हे मीच शिकवलं होतं, तिला, तिच्या वडलांना, साऱ्या डोंगराला. घरी आल्यावर विसरलो. विसरलो म्हणणंही खोटं आहे. मला ते माहीत होतं, आणि आपल्या पोराकडं तसं बघायचं नव्हतं.

संध्याकाळी सचिन गाडी पुसत होता, तिथं मी गेलो. बाप-लेकात असलं बोलणं आमच्याकडं होत नाही. मी आधी हवेबद्दल बोललो, मग टायरबद्दल. शेवटी म्हणालो, “सचिन, आपण एकदा डॉक्टरला दाखवू. तुला.”

तो फडकं पिळत राहिला. म्हणाला, “म्या दाखवून आलोय.”

“कधी?”

“लई दिवस झाले. कंपनीतला एक दोस्त जात होता, त्याच्यासंगं गेलो. कमी हाय म्हनला डॉक्टर. औषध घ्यावं लागंल म्हनला.”

“मग बोलला का नाहीस? ती पोरगी दारोदार हिंडतेय!”

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. “कुनाला बोलू अण्णा? तुमाला? कढईत टाकायला?”

मी तिथंच विटांच्या ढिगावर बसलो. माझ्या एका विनोदावर किती गावं हसली असतील! त्या हसणाऱ्यांत माझाच मुलगा होता, आणि त्यानं तो विनोद मनात जपून ठेवला होता. पुढं स्वतःवर वेळ आली तेव्हा त्याला डॉक्टरचे शब्द ऐकू आले नाहीत, बापाचे आले. त्यानं बायकोला बोलणी खाऊ दिली, हे वाईटच. मी त्याला तसं म्हणालोही. पण म्हणताना मला माझाच आवाज माइकमधून आल्यासारखा वाटत होता.

“डॉक्टर अजून काय म्हणाला?” मी विचारलं.

“भट्टीपाशी किती वेळ उभा असतो, ते इचारलं. तंबाखू इचारली. रातपाळी इचारली. अमुक एकामुळंच आसं न्हाई म्हनला, पन उष्णतेचा तरास हुतो म्हनला.”

सचिन भट्टीवर काम करतो हे मला ठाऊक होतं. ती किती तापते, तो तिच्यापुढं किती वेळ असतो, हे मी कधी विचारलं नव्हतं. हौदाचं पाणी जरा तापलं की मी नरांसाठी वर हिरवी जाळी अंथरायचो, धावत जाऊन गार पाणी सोडायचो. माशांच्या पाण्याला दिवसातून कितीदा थर्मामीटर लावला असेल. पोरगा घामानं पांढरा पडलेला शर्ट घेऊन घरी यायचा, आणि मी फक्त पगार झाला का एवढं विचारायचो.

भाताची रोपं लावायच्या वेळी, आवणीला, मनीषा पासलीला गेली. दरवर्षी जायची, पण यंदा जाताना तिनं सगळ्या साड्या नेल्या. सुमननं ते बघितलं. मनीषा गेल्यावर देव्हाऱ्याखालच्या त्या मुळ्या, अंगाऱ्याच्या पुड्या, सगळं गोळा करून तिनं उकिरड्यावर टाकलं. “म्या तिला काय काय खायला लावलं वो,” एवढंच म्हणाली.

सुट्टीच्या दिवशी सचिन पासलीला गेला. मी बरोबर येऊ का म्हणून विचारलं, तर नको म्हणाला. तिथं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही आणि ते माझ्यापर्यंत येण्याचं कारणही नाही. त्याच्या सासऱ्यानं नंतर फोनवर एवढंच सांगितलं की जावई चिखलात उतरून त्यांच्याबरोबर भात लावत होते आणि पोरगी दिवसभर त्यांच्याशी बोलत नव्हती, पण दुपारी भाकरी तिनंच नेऊन दिली. सचिन एकटाच परत आला.

आवणी संपल्यावर मनीषा आली. पिशवी खाली ठेवली, आमच्या पाया पडली आणि म्हणाली, “मामा, आता डॉक्टरकडं आमी दोघंच जाणार. आत्यांनी यायचं न्हाई. तुमी बी न्हाई.”

मी होय म्हणालो. माफी मागायची होती. शब्द जुळवले होते, जिभेवर आलेही होते. सुनेपुढं सासरा काय बोलतो, या विचारानं पुन्हा गिळले. ती आत गेली. ती माफी अजून राहिलेली आहे.

श्रावणात सारोळ्याला बारसं झालं. जावं की नको, यावर घरात बोलणं झालं. मनीषाच म्हणाली, “जायाचं.” तोच मांडव, तीच माणसं. मी वाटेतच ठरवलं होतं की या वेळी बबनराव बोलले तर आपण हसायचं नाही, सरळ सांगायचं. ते बोलले. पेढा तोंडात टाकत म्हणाले, “भटजी, आता तुझ्याकडचा पेढा कवा?”

मी तोंड उघडलं. सगळे हसायच्या तयारीत माझ्याकडं बघत होते. मी हातातला पेढा तोंडात टाकला.

सचिन म्हणाला, “काका, आडचन माझ्यात हाय. मनीषा ठीक हाय. औषध माझं चाललंय.”

शांत, नेहमीच्या आवाजात म्हणाला. पेढ्याचं ताट फिरवणारा माणूस होता तिथंच थांबला. मी मुलाकडं बघितलं. त्याच्या कपाळावर घाम होता, पण मान वर होती. माझी खाली गेली. जे मी बोलायला हवं होतं, ते त्याला बोलावं लागलं, तेही स्वतःवर घेऊन.

मग कुणीतरी पावसाचा विषय काढला. बबनराव उठून गेले. मला वाटलं, रागावले.

निघायच्या वेळी मी चपला शोधत मागच्या अंगाला गेलो, तर ते तिथं उभे होते. टोपी हातात. मला जवळ बोलावलं आणि त्या मोठ्या आवाजाच्या माणसानं इतक्या हळू विचारलं की मला दोनदा ऐकावं लागलं, “त्यो डॉक्टर कुठं बसतो, म्हाईत हाय का तुला? आमच्या रमेशच्या लग्नालाबी आता...” रमेश त्यांचा धाकटा मुलगा. त्याच्या बायकोला मी मघाशी बघितलं होतं. आत, चहाच्या शेगडीपाशी.

मी म्हणालो, “मला नाही माहीत, बबनराव. मला त्यांनी नेलंच नाही. मनीषाला विचारा.”

ते घुटमळले. मग स्वयंपाकघराच्या मागच्या दारापाशी गेले, उंबऱ्याबाहेरच उभे राहिले आणि म्हणाले, “मनीषा, पोरी, जरा भाईर येतीस का?”

ती पदराला हात पुसत बाहेर आली. त्यांनी विचारलं. तिनं त्यांच्याकडं क्षणभर बघितलं आणि मग नीट सांगितलं, दवाखाना कुठं, कुठल्या दिवशी जायचं, एसटीतून कुठं उतरायचं. शेवटी म्हणाली, “रमेशभाऊजींना म्हनावं, बायकोला संगं घेऊन जा. पन तपासायला आत आधी नवऱ्यानं जायाचं.”

बबनरावांनी मान हलवली. मी चार पावलांवर उभा होतो, हातात चपला घेऊन. तिनं माझ्याकडंही बघितलं. मला तिच्याकडं बघता आलं नाही.